कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं नाही

‘ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप असेल तर बिनधास्त पासवर्ड टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून माणसं फसतात.

कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंतचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसलंय, याची हमी त्यात नाही. कुलूप दिसायला साइटला एक डिजिटल प्रमाणपत्र लागतं. साधं प्रमाणपत्र देताना डोमेन, म्हणजे साइटचं नाव, अर्जदाराच्या ताब्यात आहे ना, इतकंच तपासतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५पासून ते फुकट देते, तेही काही मिनिटांत. भामट्यालाही मिळतं. क्रोमने २०२३मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप बदललं, ते याच गैरसमजामुळे.

पाहायचा तो पत्ता. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली रेघ शोधा आणि तिथून मागे, डावीकडे टिंबाने जोडलेले दोन शब्द वाचा. ‘माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.इन्फो/लॉगिन’ ही साइट ‘खाते-तपासणी.इन्फो’वाल्याची आहे, आधीचं ‘माझीबँक.कॉम’ कुणीही जोडू शकतो. (शेवट ‘को.इन’ असेल तर त्याआधीचा शब्दही धरा.) मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो; त्यावर टॅप करून पूर्ण वाचा.

पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून ठेवणारं अ‍ॅप) ज्या डोमेनसाठी पासवर्ड साठवला तिथेच तो भरतो. नेहमी आपोआप भरतो आणि आज भरत नाही? हाताने टाइप करू नका. आधी डोमेन अक्षर न् अक्षर तपासा.