पुस्तक अर्धवट सोडलं? परत द्या, फक्त पान नंबर सांगा

नमस्कार मंडळी,

हा कागद आमच्या बालवाचनालयातून आलेल्या तुमच्या पहिल्या पिशवीत चार पुस्तकांच्या वर ठेवलाय, पुस्तकं पोरांकडे जाऊ द्या आणि हा तुम्ही वाचा. नाव नोंदवायला आलेल्या आईबाबांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "आमचा अजिबात वाचत नाही हो, नुसता मोबाईल." आणि हे तो शेजारी उभा असताना म्हणतात. तो बिचारा चपलेने फरशी घासत खाली बघत असतो. आमची पहिली विनंती हीच, की त्याच्यासमोर असं बोलू नका, कारण आठ वर्षाच्या पोराला "मी न वाचणारा" ही ओळख एकदा आवडली की तो ती सोडत नाही, वरून मिरवतो.

दुसरं म्हणजे आमच्याकडचा नियम जरा उलटा आहे. पुस्तक पूर्ण वाचलंच पाहिजे असं काही नाही. अर्धं सोडलं, चार पानांत सोडलं, नुसती चित्रं बघून सोडलं, सगळं चालतं. फक्त पिशवी परत देताना कुठल्या पानावर सोडलं ते सांगा. पिशवीत एक पिवळी चिठ्ठी असते, ती त्या पानात तशीच राहू द्या. दंड नाही, लेक्चर नाही, "का नाही वाचलं" असंही आम्ही विचारत नाही. आम्हाला तो पान नंबर हवा असतो कारण पुढच्या पिशवीतलं आमच्या निवडीचं पुस्तक आम्ही त्यावरूनच काढतो.

फ्रान्समधले डॅनियल पेनाक, जे स्वतः शाळेत शिकवायचे, त्यांनी १९९२ साली वाचकाचे १० हक्क लिहून काढले होते. पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. आम्हाला हे नंतर कळलं, आधी कळलं असतं तर आमच्या स्वतःच्या पोराबरोबरची दोन वर्षं वाचली असती, ते पुढे सांगतोच.

चिठ्ठी पहिल्या दुसऱ्या पानावरच असली तर

गोष्ट आवडली नाही असं लगेच समजू नका, इतक्यात गोष्ट सुरूच झालेली नसते. बहुतेक वेळा अक्षर आडवं येतं. इंग्लिश मिडीयमची पोरं घरी तासभर मराठीत भांडतील पण "कर्तृत्व" किंवा "वैशिष्ट्य" असा शब्द आला की थांबतात, एकेक अक्षर लावत बसतात आणि शब्द लागेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते, मग परत मागे. तुम्ही जरा कानडी पाटी वाचून बघा, तसंच होतं त्यांचं. म्हणजे भाषा येत नाही असं नाही, वाचायचा वेग नाही. अशा वेळी आम्ही मोठा टाईप, कमी जोडाक्षरं, पानावर दोनतीन ओळी अशी पुस्तकं देतो. माधुरी पुरंदरेंची यशची पुस्तकं याला फार कामाची, चित्रंही त्यांचीच आणि घरातल्याच गोष्टी असतात, पोराला वाटतं हे तर आमच्याकडेच झालं होतं.

पण इथे एक गोची आहे. पोरगा अकरा वर्षांचा आणि वाचायचा वेग दुसरीतल्या मुलाचा, तर त्याच्या हातात ससा-कासव देऊ नका. त्याला त्यात लाज वाटते, मित्राने बघितलं तर संपलंच. त्याला साप, किल्ले, गाड्या, क्रिकेट असलं द्या. माहितीच्या पुस्तकात एक सोय असते की कुठूनही सुरू करता येतं, फोटोखालच्या दोन ओळी वाचल्या तरी एक गोष्ट पूर्ण होते आणि वर मित्राला "तुला माहितीये का घोणस कशी ओळखायची" असं ऐकवता येतं. आमच्याकडची सापांची पुस्तकं उघडली की आपोआप घोणसच्या पानावर पडतात, इतकी हाताळलीत. आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस किल्ल्यांचं काहीही द्या, सोसायटीत किल्ला करायचा असतो ना, बुरूज कुठे आणि माची कुठे हे बघायला जो पोरगा कधी पुस्तकाला हात लावत नाही तोही चिखलाच्या हाताने पानं उलटतो. चिखलाची पानं चालतात आम्हाला, सुकली की झटकता येतात.

चिठ्ठी दहा-पंधरा पानांवर असली तर

म्हणजे अक्षर लागतंय पण पुस्तकाने पकड घेतली नाही. यात नव्वद टक्के चूक आपली असते, कारण पुस्तक आपण निवडलेलं असतं. (नव्वद हा आमचा अंदाज बरं का, कुणी मोजलेलं नाही.)

आता आमची गोष्ट. आमच्या घरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे देव. फुरसुंगीचा बनेश, सायकल, ते "ट्टॉक"! आमच्या मुलाला आठव्या वाढदिवसाला आम्ही अख्खा संच दिला, अप्पा बळवंत चौकातून हाताने उचलून आणला, आणि डोळ्यात पाणी वगैरे आणून सांगितलं की हे मी तुझ्याएवढा असताना वाचलं. त्याने बारा पानं वाचली आणि संच कपाटावर गेला. मग रोज टोमणे, "तुझ्यासाठी एवढं आणलं", "मी तर एका दिवसात संपवायचो". जेवढे टोमणे तेवढी पुस्तकावर धूळ. पुढे २०१७ ला सिनेमा आला तेव्हा तो बघून आल्यावर स्वतःच स्टूल घेऊन चढला, आणि दोन दिवसांनी विचारतो, "बाबा, पिक्चरमध्ये तर तो मोठा होता, इथे शाळेत कसा?" मग त्याला तेवढा फरक शोधायलाच सगळे भाग वाचावे लागले. आम्ही त्यात काहीही केलेलं नाही, फक्त तोपर्यंत संच रद्दीत दिला नव्हता एवढंच.

तर आपलं लहानपणचं पुस्तक घरात दिसेल असं ठेवा, हातात कोंबू नका.

आणि "यातून काय शिकायला मिळेल?" हा प्रश्न, जो काउंटरवर रोज येतो, तो तुम्ही पुस्तक घेताना तरी मनात ठेवा, तोंडाने विचारू नका. शेवटी तात्पर्य लिहिलेल्या पुस्तकांवर आमचा खास राग आहे. पोरांना तिसऱ्या पानावरच कळतं की खोटं बोलणाऱ्याचं पुढे वाईट होणार आहे, मग उरलेलं वाचायचं कशाला. त्यापेक्षा विंदा करंदीकरांची पिशीमावशी द्या, तिथे भुतं आहेत, यमक आहे, मोठ्याने म्हटलं की घर हसतं, आणि पोरगं तेच तेच दहा वेळा म्हणतं. दहा वेळा म्हटलं म्हणजे दहा वेळा वाचलंच ना?

चिठ्ठी मध्यावर असली तर

हे आम्हाला सगळ्यात आवडतं कारण इथे पोरगं जवळजवळ वाचक झालेलं असतं. बहुतेक वेळा मध्ये परीक्षा आलेली असते किंवा गावाला गेलेले असतात, आणि परत उघडल्यावर कोण कुणाचा मामा ते आठवत नाही. अशांना लांबलचक कादंबरी नको, सुट्या सुट्या गोष्टी एकाच हिरोच्या, अशी पुस्तकं द्यायची. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे यात बसतो, एक भानगड एका बैठकीत संपते, पुढची महिन्याने वाचली तरी अडत नाही.

त्याहून छोटं हवं तर चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ पासून पेपरात यायला लागला, आता त्याचे संग्रह मिळतात. तीनचार चौकटी, वीस सेकंद, खूश. काही पालक नाक मुरडतात, "कॉमिक्स नको, खरं पुस्तक द्या." अहो कॉमिक्समध्ये पोरगं डायलॉग वाचतं, चेहरा वाचतं, दोन चौकटींच्या मध्ये काय झालं असेल ते स्वतः भरतं, वाचन म्हणजे अजून काय असतं? आमच्याकडे एक मुलगी दीड वर्ष फक्त चिंटू नेत होती. फक्त. चौथ्यांदा तोच भाग द्यायला आम्हालाच लाज वाटायची. तिची आजी रोज दुपारी विचारायची "आज जोशीकाकूंच्या काचा फुटल्या का ग?" कारण आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि नातीने वाचून दाखवायचं असं ठरलं होतं. काकूंच्या काचा संपल्यावर आजीनेच मासिकातली गोष्ट वाच म्हटलं, आणि मग मासिकं सुरू झाली.

मासिकावरून आठवलं, बालभारतीचं किशोर. १९७१ पासून निघतंय, किंमत किरकोळ, आणि जुने अंक त्यांनी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. हे सांगून आमचंच गिऱ्हाईक कमी होतं पण असू दे. तशीच प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, तिथे मराठीत भरपूर चित्रगोष्टी, त्याही फुकट, आणि पुस्तकाला पातळी दिलेली असते एक ते चार. पातळी पोराच्या इयत्तेवरून ठरवू नका, एक पान वाचायला द्या आणि अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडायला सांगा, पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

आणि वाचून दाखवायला वयाची अट नाही. दहा वर्षाच्या घोड्यालाही आवडतं, तो कबूल करत नाही एवढंच. ऑफिसमधून आठ वाजता लोकलचे धक्के खाऊन आल्यावर कुणाचा मूड असतो हे आम्हालाही कळतं, पण दहा मिनिटं पुरतात. एक पान तू एक पान मी असं करा, आणि नेमकं दार वाजलं, आत कोण होतं... अशा ठिकाणी "चला, झोप आली" म्हणून पुस्तक मिटून उशाशी ठेवा. दिवा लगेच बंद करू नका. पाच मिनिटं स्वयंपाकघरात घालवा, ओटा पुसा.

शेवटून तीन पानं आधी चिठ्ठी

असं एकदाच झालंय. कुत्र्याची गोष्ट होती, मुलगी नऊ वर्षांची. चिठ्ठी शेवटच्या प्रकरणाच्या तोंडावर. म्हणाली, "तो मरणार आहे, मला माहितीये, म्हणून नाही वाचलं." आम्ही सांगितलं नाही की मरतो की नाही. ते पुस्तक तिने तीन वेळा नेलं आणि तीनही वेळा तिथेच थांबली. आमच्या मते आमच्याकडची सगळ्यात भारी वाचक ती.

जरा गंभीर

प्रत्येक पुस्तक पहिल्याच पानावर सुटत असेल, आणि पोरगा तोंडी गोष्ट झकास सांगतो पण वाचायला बसला की डोकं दुखतं म्हणतो, तर आधी डोळे तपासून घ्या, चष्म्याच्या नंबरावर सुटलेली दोन पोरं आम्ही बघितलीत. डोळे ठीक असतील आणि तिसरी-चौथीतही ध आणि घ, भ आणि म यात सारखी गडबड होत असेल, ओळी सुटत असतील, पाठ केलेलं शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी गायब होत असेल, तर आळशी म्हणू नका, रट्टे तर अजिबात नकोत. डिस्लेक्सिया असू शकतो आणि ते ठरवणं आपलं काम नाही, आमचं तर नाहीच, त्यातल्या तज्ज्ञाचं आहे. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन याच कामात आहे. निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेतही जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. अशा पोरांना आम्ही पुस्तकासोबत त्याच गोष्टीचं रेकॉर्डिंग देतो, कान पुढे आणि बोट अक्षरावर.

टीव्हीचाही उपयोग करा, भांडत बसू नका. अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी १९९६ पासून सांगतायत की गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खाली शब्द दिसले की माणूस नकळत वाचतो. मराठी गाणं, खाली मराठी शब्द. यूट्यूबवर अशी ढीगभर मिळतात.

सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वर करणार असाल तर वाटेत भिलार आहे, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून. घराघरात पुस्तकं मांडलीत, आत जाऊन बसायचं आणि वाचायचं, कुणी काही विचारत नाही. पोरांना सांगताना स्ट्रॉबेरी खायला चाललोय असंच सांगा.

आता व्यवहाराचं. एका वेळी चार पुस्तकं, त्यातली दोन पोराने स्वतः निवडायची आणि त्यावर तुम्ही काही बोलायचं नाही, कव्हरवर कवटी असली तरी. तिसरं आम्ही निवडतो. चौथं तुमचं, हौस म्हणून. दर दुसऱ्या शनिवारी आमची स्कूटर येते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळा पुस्तकाचा सारांश लिहून आणायला सांगतात, त्या आठवड्यात सगळ्यात पातळ पुस्तकांची मारामारी असते, तेव्हा ज्यांना हवं त्यांनी आधी मेसेज टाका. पान फाटलं तर सेलोटेप लावू नका, तसंच द्या, आम्ही चिकटवतो. आमटीचे डाग चालतात.

शनिवारी घरी नसाल तर पिशवी वॉचमनकाकांकडे द्या. मात्र तुमची पिशवी चिंटूची असेल तर ती आम्हाला सोमवारी मिळते, कारण काका आधी वाचून घेतात, आणि पिवळी चिठ्ठी स्वतःच्या पानावर सरकवतात. म्हणून पान नंबर फोनवर पण कळवा.