इटॅलिक आणि ओब्लिक: दोन्ही तिरके, तरी एक नव्हेत

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही डीटीपीवाल्याला "ह्या दोन ओळी इटॅलिक करा" म्हणा, तो ओळी सिलेक्ट करतो, कंट्रोल आय दाबतो, अक्षरं उजवीकडे झुकतात आणि काम झालं. पण त्या एका बटणाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एकतर फॉन्टचं खरं इटॅलिक येतं, जे कुणीतरी वेगळं बसून काढलेलं असतं, नाहीतर ओब्लिक येतं, म्हणजे सरळ अक्षरच धरून तिरकं केलेलं. झुकाव दोन्हीत असतो म्हणून गोंधळ होतो, खरा फरक अक्षराच्या घडणीत आहे.

वर्डमध्ये गॅरामॉन्ड लावा, मोठ्या साइझमध्ये इंग्रजी लहान ए टाइप करा, शेजारी तोच इटॅलिकमध्ये. सरळ ए दुमजली असतो, वर छत्रीसारखा बाक आणि खाली पोट, इटॅलिकमधला एकमजली, आपण हाताने काढतो तसा. एफ बघा, सरळ एफ ओळीवर उभा असतो, इटॅलिकचा एफ ओळीखाली शेपूट सोडतो. पायाचे सपाट सेरिफ, म्हणजे टोकाच्या छोट्या आडव्या रेघा, जाऊन तिथे पेन टेकवल्याचे आणि उचलल्याचे छोटे फटकारे येतात, अक्षरं अरुंद होतात, आणि काही जुन्या इटॅलिकमध्ये तर एचचा पाय इतका आत वळतो की पटकन बी वाटावा. आता हेच एरियलमध्ये करा. ए दुमजलीच राहतो, फक्त कललेला. मेन्यूत नाव इटॅलिक असलं तरी घडणीने ते ओब्लिकच. हेल्वेटिका, युनिव्हर्ससारख्या सॅन्समध्ये, म्हणजे सेरिफ नसलेल्या फॉन्टमध्ये, हे मुद्दाम केलेलं असतं आणि तिथे शोभतंही, कारण त्या अक्षरांत पेनाचा हात मुळातच दिसत नाही.

सेरिफ फॉन्टला मात्र तो हात लागतो, कारण इटॅलिक जन्मलंच लिहिण्यातून. इटलीतले विद्वान भरभर लिहायचे त्या वळणावरून फ्रान्चेस्को ग्रिफोने ठसे कोरले आणि व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मनुतिउस याने १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिलचं हातात मावेल असं छोटं पुस्तक सबंध त्या टाइपात छापलं. गंमत म्हणजे त्यातली कॅपिटल्स सरळच होती. म्हणजे इटॅलिक तेव्हा स्वतंत्र टाइप होता, सरळ अक्षराचा जोडीदार तो नंतर झाला. अडोबी गॅरामॉन्डमध्ये आजही सरळ अक्षरं क्लोद गॅरामॉन्डच्या वळणाची आणि इटॅलिक रोबेर ग्रांजोंच्या, दोन वेगळी माणसं! आणि इंग्रज अक्षरकार एरिक गिलच्या जोआना फॉन्टचं इटॅलिक जेमतेम ३ अंश झुकतं तरी ते इटॅलिकच आहे, त्यामुळे झुकाव मोजून काही कळत नाही, ए बघायचा.

वापर साधा आहे. इंग्रजी मजकुरात पुस्तकांची नावं, परभाषेतले शब्द, एखाद्या शब्दावर जोर, गणितातली चलं. बॉटनीचा प्रबंध करणाऱ्यांना तर हे पाठच असतं, मँगिफेरा इंडिका हे आंब्याचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिलं की इटॅलिकच हवं. इंग्रजी लग्नपत्रिकेत नावाखालची एखादी ओळ कॅसलॉन इटॅलिकमध्ये फार देखणी दिसते, त्याचं अँपरसँड, म्हणजे & हे चिन्ह, तर बघत राहावं असं. पण अख्खं पान इटॅलिकमध्ये लावू नका, डोळे थकतात आणि जोर कशावर तेच कळत नाही.

आता आपल्या मराठीचं. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टला इटॅलिक नसतंच, मग वर्ड सरळ अक्षर ढकलून तिरकं करतो. शिरोरेषा आडवीच राहते, काने कलतात, वेलांटीचा बाक विचित्र ताणला जातो, जाडबारीकपणा भलत्याच जागी सरकतो. मला हे फार खटकतं, कारण आपल्याकडे धावतं वळण नव्हतं असं अजिबात नाही. मोडी होती ना! आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचं, भारत इतिहास संशोधक मंडळात असे कागद ढिगाने आहेत. पण छापखान्यात बाळबोध, म्हणजे देवनागरी, स्थिरावली आणि मोडीचं वळण तिचा जोडीदार म्हणून कधी आलंच नाही. कुणी मनावर घेऊन देवनागरीचं खरं इटॅलिक काढायचं ठरवलं तर माझ्या मते सुरुवात तिथून व्हावी, कललेल्या कान्यापासून नाही.

तोवर मराठीत जोर द्यायचा तर ठळक करा, पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात टाका, आणि मराठी-इंग्रजी मिसळ मजकुरात कंट्रोल आय फक्त इंग्रजी शब्दांवर लावा. तिथेही फॉन्टची इटॅलिक फाइल मशीनवर आहे का ते बघा, नसेल तर वर्ड गुपचूप खोटं तिरकं करून देतो आणि ते प्रूफात पटकन लक्षात येत नाही. इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर असं स्वतःहून करत नाही, तिथे स्क्यूचा, म्हणजे कलवण्याचा, आकडा कुणी मुद्दाम टाकला असेल तरच अक्षर कलतं. वेबसाइटवर ब्राउझरही हाच उद्योग करतो, त्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्ट-सिंथेसिस नन लिहिलं की तो थांबतो.