ऐबार
ऐबार : उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशाच्या गिपुस्कोआ प्रांतातले, एगो नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात वसलेले औद्योगिक शहर. लोकसंख्या सुमारे २७ हजार. स्पॅनिश सायकलींची दोन जुनी नावे, ओर्बेआ आणि बीएच, इथलीच. दोन्ही कंपन्या मुळात शस्त्रे बनवत.

ओर्बेआ १८४० साली बंदुकांच्या धंद्यात उतरली. बेइस्तेगी बंधूंनी बीएच १९०९ मध्ये काढली. पहिल्या महायुद्धानंतर पिस्तुलांची मागणी आटली, तेव्हा शहराने माल बदलला. बीएचने १९२३ मध्ये सायकली सुरू केल्या, ओर्बेआने १९३०च्या सुमारास. गावातल्याच अल्फाने शिलाई यंत्रे, एल कास्कोने स्टेपलर काढले. कारागीर आणि लेथ तेच राहिले. नळी आतून सरळ कोरणे, छोटे भाग मापात बसवणे, पॉलिश करून निकेल चढवणे ही कामे बंदुकीला लागत, तशीच सायकलीलाही.

खरी परीक्षा चौकटीच्या सांध्याची. जुन्या पोलादी चौकटीत नळ्या पोलादी खोबणीत बसवतात, टाकणखार लावून सांधा सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि पितळेचा डाख देतात. वितळलेले पितळ फटीत आपसूक ओढले जाते. फट रुंद राहिली की डाख सलग भरत नाही. ज्योत एकाच जागी रेंगाळली की पातळ नळी कमजोर होते आणि पुढे नेमकी सांध्याशेजारीच चिरते. वरून रंग चढल्यावर यातले काहीच दिसत नाही.

१४ एप्रिल १९३१ च्या पहाटे स्पेनमध्ये सर्वांत आधी प्रजासत्ताकाची घोषणा ऐबारने केली. तिच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये ऐबार–माद्रिद–ऐबार ही टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत झाली. तीच पुढच्या ‘वुएल्ता’ची, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय शर्यतीची, पूर्वपीठिका मानली जाते. १९३५ ची पहिली वुएल्ता बेल्जियमच्या गुस्ताफ देलोरने जिंकली, तीही बीएचच्या सायकलीवर. यादवी युद्धात १९३७ मध्ये बाँबफेकीने शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. कारखाने पुन्हा उभारावे लागले.

पुढे दरी अपुरी पडू लागली. सपाट जमीन नसल्याने कारखाने घरांना खेटून मजल्यांवर मजले चढवत वाढले होते. बीएच १९५९ मध्ये व्हितोरिया शहरात गेली. ओर्बेआ १९६९ मध्ये कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि नंतर शेजारच्या मायाबियात हलली. स्पॅनिश सायकलपटू पेद्रो देल्गादोने १९८५ ची वुएल्ता जिंकली तेव्हा त्याच्या संघाच्या नावात ओर्बेआ होते.

कारखाने गेले, घाट राहिला. गावातून उसार्त्सा खिंडीमार्गे आराते देवस्थानाकडे जाणारी चढण सुमारे ५ किमीची, सरासरी ८ टक्क्यांहून अधिक. ‘बास्क प्रदेशाची फेरी’ या सायकल शर्यतीत ती वरचेवर असते. २०२० च्या वुएल्ताचा पहिला टप्पाही इथेच संपला आणि स्लोव्हेनियाच्या प्रिमोश रोग्लिचने तो जिंकला. हौशी स्वाराने पुढे ३४ व मागे ३२ दात्यांचे चक्र ठेवावे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर सरकते. मिनिटाला ७० फेरे टिकले तर अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात खिंड येते. जड चक्र लावून, गावातून बाहेर पडतानाच जोर काढणारे बहुतेक जण अर्ध्यावर गुडघे धरतात. खिंडीनंतर रस्ता बराचसा उताराचा. पावसात तिथे ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नव्हे.

घाट उतरल्यावर जेवायला गिपुस्कोआतला अस्सल पदार्थ म्हणजे तोलोसा गावचा काळा, चकचकीत घेवडा. तो गार पाण्यात कांदा व थोडे ऑलिव्ह तेल घालून अडीच-तीन तास मंद आचेवर शिजवतात. धो-धो उकळला की साले फुटतात; म्हणून मधूनमधून गार पाण्याचा हबका देतात, आणि चमचा न घालता भांडेच कान धरून हलवतात. मीठ शेवटी. ताटात सोबत कोबी, डुकराच्या रक्ताचे सॉसेज आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या, इबार्रा गावच्या हिरव्या मिरच्या. मिरच्या दिसायला लवंगीसारख्या, पण चवीला सौम्य.