निदान ठरलेलं नसताना बिलावर काय लिहितात?

छातीत दुखतंय म्हणून पन्नाशीचा माणूस अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात येतो. ईसीजी काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात, काही तासांनी पुन्हा तपासतात. सगळं ठीक निघतं आणि त्याला घरी सोडतात. डॉक्टरांच्या कागदावर एवढंच असतं: ‘हृदयविकाराच्या झटक्याची शंका’. मग विमा कंपनीला जाणाऱ्या बिलावर आजाराचा कोड कोणता टाकायचा?

झटक्याचे कोड ‘आय २१’ने सुरू होतात, पण इथे ते चालत नाहीत. तिथल्या अधिकृत नियमांप्रमाणे बाह्यरुग्णाच्या, म्हणजे दाखल न केलेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘शंका’, ‘बहुधा’ असा शब्द जोडलेला आजार कोड करायचाच नाही. जेवढं खात्रीनं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं. म्हणून या माणसाला ‘आर ०७.९’ मिळतो, म्हणजे छातीत दुखणं, नेमका प्रकार नोंदलेला नाही. ताप, चक्कर, पोटदुखी अशा लक्षणांसाठी आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या वर्गीकरणात ‘आर’ अक्षराचं अख्खं प्रकरण आहे.

हा नियम मला फार मोलाचा वाटतो. नुसत्या शंकेपोटी झटक्याचा कोड पडला, तर पुढचा डॉक्टर त्या माणसाला हृदयरोगी समजेल आणि आजारांच्या आकडेवारीतही न झालेला झटका मोजला जाईल. पण ‘काहीच निघालं नाही, मग इमर्जन्सीत आलातच कशाला?’ असं विमा कंपनीनं म्हटलं तर? अमेरिकी कायदा इथे सामान्य माणसाची समज प्रमाण मानतो. ती लक्षणं पाहून कुणाही समंजस माणसाला जिवाची भीती वाटली असती का, हे बघायचं. शेवटी काय निघालं, हे नाही. २०१० च्या आरोग्य कायद्यानं हे तत्त्व बहुतेक खासगी विम्यालाही लागू केलं.

गंमत अशी, की रुग्ण दाखल झाला तर नियम उलटतो. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘बहुधा न्यूमोनिया’ लिहिलं असेल, तर न्यूमोनिया असल्यासारखाच कोड करतात, कारण तपासण्या आणि उपचार त्याच दिशेनं झालेले असतात. एचआयव्ही आणि कोविड मात्र याला अपवाद. तिथे खात्री लागतेच. पुणे-नवी मुंबईत अमेरिकी रुग्णालयांचं कोडिंग करणाऱ्या मराठी मुलामुलींना हा फरक सतत डोक्यात ठेवावा लागतो.

खरी अडचण वर्षानुवर्षं निदानच न होणाऱ्यांची. दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या मुलाच्या फाइलवर एकदा झटक्यांचा, म्हणजे फिट्सचा कोड पडतो, एकदा स्नायूंच्या अशक्तपणाचा, एकदा खुंटलेल्या वाढीचा. मूल एकच, पण नोंदीत त्याचे तुकडे होतात. अशी मुलं किती आहेत, हे मग मोजणार कसं? ‘आर ६९’ म्हणजे ‘अनिर्दिष्ट आजार’ हा कोड आहे, पण सगळ्या तपासण्या करून हात टेकले, की मुळात तपासण्या झाल्याच नाहीत, हे त्यातून कळत नाही.

दुर्मिळ आजारांची सूची ठेवणाऱ्या ऑर्फानेटनं यासाठी वेगळा कोड केला आहे, ६१६८७४: संपूर्ण तपासणीनंतरही निदान न झालेला दुर्मिळ आजार. अशी नोंद असली की ही माणसं शोधून काढता येतात. आजारांशी संबंध असलेली नवी जनुकं सापडत राहतात, आणि जुनाच जनुकीय अहवाल काही वर्षांनी पुन्हा तपासला की त्यातल्या काहींना निदान मिळतं.