हेडसेट लावून श्वासाकडे

पहाटे रंकाळ्याला फेरी मारून येणाऱ्याला मन शांत करायला यंत्र लागत नाही. पण ज्याला घराचा जिनाही उतरता येत नाही, त्याने काय करायचं? डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचे आभासी वास्तवाचे, म्हणजे व्हीआरचे खेळ शांततेसाठी वापरण्याचं संशोधन बऱ्याच अंशी आजारी, त्रासलेल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून वाढलं आहे. म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांवर काम सुरू केलं. त्यातून ‘स्नोवर्ल्ड’ हा खेळ आला. जखमेची पट्टी बदलत असताना रुग्ण बर्फाळ दरीतून पुढे सरकत हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि लक्ष देण्याची आपली क्षमता मर्यादित असते. ती खेळात गुंतली की दुखणं कमी जाणवतं. मेंदूच्या स्कॅनमध्येही वेदनेशी निगडित भागांतली सक्रियता घटलेली दिसली.

पण ही झाली लक्ष वळवण्याची युक्ती. सजगतेच्या सरावात, म्हणजे माइंडफुलनेसमध्ये, नेमकं उलट करायचं असतं. लक्ष पळवायचं नाही, ते परत परत श्वासावर आणायचं. ‘डीप’ नावाच्या खेळात हेच साधलं आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. ओवेन हॅरिस आणि निकी स्मिट यांच्या या खेळात पोटाभोवती एक पट्टा बांधतात. श्वास घेतला की तुम्ही समुद्रात वर तरंगता, सोडला की हळूहळू खाली येता. खेळ चालतो तो श्वासावरच, त्यामुळे घाई करून काहीच मिळत नाही. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी तो चिंतेने त्रासलेल्या मुलांसाठी तपासून पाहिला आहे.

संथ श्वासाचा परिणाम नुसता मनाचा खेळ नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात. सोडताना व्हेगस हा मेंदूकडून हृदयाकडे जाणारा मज्जातंतू त्यांना आवर घालतो. मिनिटाला साधारण ६ श्वासांच्या लयीत हा चढउतार सर्वात ठळक होतो. पट्टा आणि पडद्यावरचं दृश्य मिळून ही लय डोळ्यांना दाखवतात. एकट्याने डोळे मिटून बसलं की ज्यांचं मन लगेच भरकटतं, त्यांना याचा मोठा आधार होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुनाट कंबरदुखीसाठी ८ आठवड्यांच्या व्हीआर उपचाराला परवानगी दिली, त्यातही श्वासाचे व्यायाम आहेत.

खेळ निवडताना मात्र रोलर कोस्टरसारखे वेगवान प्रकार टाळावेत. गगनबावड्याचा घाट उतरताना एसटीत मोबाईल वाचत बसलं की मळमळतं, कारण डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेगवेगळं सांगतात. हेडसेटमध्ये याच्या उलट होतं: डोळ्यांना वेग दिसतो, शरीर मात्र खुर्चीवर स्थिर असतं. सुरुवातीला बसूनच, थोडाच वेळ खेळावं; गरगरलं तर लगेच हेडसेट काढावा. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावूच नये.