स्ट्रॅटचा हम आणि स्ट्रॅटचा बझ: पिकअप बदलण्याआधी

ऑक्टोबर लागला, किनाऱ्यावर शॅक उभे राहू लागले की फोंड्यापासून म्हापशापर्यंत गिटारवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न कानावर येतो: ‘स्ट्रॅट फार भुणभुणते, हमबकर टाकू का?’ स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकॅस्टर घाटाची इलेक्ट्रिक गिटार, हमबकर म्हणजे हम कापणारा पिकअप. दुकानदार ‘टाका’च म्हणणार, त्याला पिकअप विकायचे असतात. पण ही भुणभुण दोन प्रकारची असते. एक पिकअप बदलून जाते. दुसरी पाच आकडी पिकअप बसवला तरी जागची हलत नाही.

पहिला हम. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. पण शेजारी अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा) ट्रान्सफॉर्मर असेल, फ्रीज असेल, जुन्या ट्यूबलाइटचा चोक असेल, तर त्यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही ते वेढे तितक्याच इमानाने टिपतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गिटारच्या सर्वांत जाड तारेच्याही (८२ हर्ट्झ) खाली घुमणारा तो सूर ऐकू येतो.

दुसरा बझ. हा कोरडा आणि टोकदार, बाटलीत अडकलेल्या माशीसारखा. डिमर, स्वस्त एलईडी माळा, चार्जर यांचं विद्युत क्षेत्र वाजवणाऱ्याच्या अंगावरून आणि गिटारच्या पोटातल्या उघड्या वायरींतून आत शिरतं. इथे पिकअपचा दोष जवळजवळ नसतो. दोष असतो शील्डिंगचा, म्हणजे पोटाला आतून धातूचं अस्तर नसण्याचा.

कानाने ओळखायला जाल तर फसाल, कारण बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात. त्यापेक्षा गिटार गळ्यात घालून अॅम्प नेहमीच्या आवाजाला लावा आणि आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. भुणभुण तशीच राहिली तर गिटार सोडा. केबल, पेडलचा अॅडाप्टर आणि अॅम्प बघा. ती गेली तर व्हॉल्यूम परत वाढवा आणि तारांना हात न लावता उभ्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढतो, काटकोनात वळलात की जवळजवळ नाहीसा होतो? तो हम. मग तारांवर तळवा ठेवा. हात ठेवताच भुणभुण घटली, काढताच परत आली, तर तो बझ. उलट हात ठेवल्यावर वाढली तर तारांची ग्राउंड वायर तुटली आहे किंवा जॅकवरच्या (केबल खुपसायच्या भोकामागच्या) दोन वायरी उलट जोडल्या आहेत. स्ट्रॅटमध्ये ही ग्राउंड वायर मागच्या झाकणाखाली स्प्रिंगच्या पंजाला (स्प्रिंग अडकवलेल्या धातूच्या पट्टीला) डाखलेली असते. आपल्या खाऱ्या हवेत पंजा गंजतो, तेव्हा तो सांधा आधी बघावा.

बझ निघाला तर औषध म्हणजे तांब्याची चिकट पट्टी. पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती पुढची पाटी) उचलायचा, पोकळीच्या तळाला आणि भिंतींना पट्टी लावायची, पिकगार्डच्या पाठीलाही लावायची आणि दोन्ही भाग एकमेकांना टेकतील अशी कड वर दुमडायची. हे सगळं ग्राउंडला जोडलं नाही तर मेहनत वाया. वर एक दक्षता घ्या, पट्टी जॅकच्या गरम, म्हणजे सिग्नलच्या, टोकाला टेकू देऊ नका, नाहीतर गिटार मुकी होते. बझ यानेच जातो. हमला मात्र तांब्याच्या पट्टीची भीती नाही, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून सरळ आरपार जातं.

इथे मंडपातल्या विजेचं बोलायला हवं. जत्रेच्या किंवा फेस्ताच्या स्टेजवर जनरेटर, लाइट आणि साउंड एकाच लाकडी बोर्डावर लटकलेले असतात. भुणभुण थांबावी म्हणून कुणीतरी अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतो आणि ती खरंच कमी होते. हे कधीही करू देऊ नका, शॉक बसू शकतो. ओठ माइकला लागताच झिणझिण्या येत असतील तर तोही पिकअपचा विषय नाही, इलेक्ट्रिशियनचा आहे. तोवर माइकला लागू नका, पावसाळ्यात ओल्या मातीवर उभं राहून तर नाहीच नाही.

आता गोल फिरून बघितलं आणि हमच निघाला, तर पिकअपची खरेदी रास्त. उपाय जुना आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल (वेढ्यांच्या गुंडाळ्या) शेजारी बसवल्या, एकीचे वेढे आणि चुंबकाचा ध्रुव दुसरीच्या उलट. बाहेरचा हम दोन्हींत उलटसुलट येऊन कटतो, तारेचा आवाज मात्र जुळून दुप्पट होतो. हाच हमबकर. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९५९ मध्ये पेटंट. ‘पेटंट अप्लाइड फॉर’ स्टिकरचे जुने पिकअप आज संग्राहक ज्या भावाने घेतात, तो ऐकून घाम फुटतो.

पण दोन कॉइल तारेचे दोन बिंदू ऐकतात, त्यामुळे वरचे काही स्वरांश कटतात आणि आवाज जाड, गुळगुळीत होतो. स्ट्रॅटची ती काचेसारखी खणखण हवी असेल तर मी पूर्ण हमबकर सुचवणार नाही. त्याच खाचेत बसणारे दोन पर्याय आहेत. स्टॅक्ड, म्हणजे कॉइलखाली कॉइल: खालची मुख्यतः हम कापायला, म्हणून आवाज सिंगल कॉइलच्या (स्ट्रॅटच्या मूळ, एकाच कॉइलच्या पिकअपच्या) बराच जवळ. आणि रेल, म्हणजे बारीक दोन कॉइल शेजारी: दिसायला सिंगल कॉइल, वाजायला हमबकर. ब्रिजला (तारा गिटारच्या पोटाला जिथे टेकतात त्या बाजूला) रेल चालते. नेकला (मानेच्या बाजूला) मला ती कधी आवडली नाही. आधी स्विचची दुसरी आणि चौथी जागा, जिथे मधला पिकअप शेजारच्यासोबत वाजतो, मात्र वाजवून बघा. मधला पिकअप उलट वेढ्यांचा असेल तर तिथे हम आपोआप कटतो आणि पैसे वाचतात.

घेतलाच तर दोन गोष्टी दुकानातच बघा. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) लागतो, हमबकरला सहसा ५०० चा. जुन्या पॉटवर नवा हमबकर मंद वाटतो आणि लोक पिकअपला नावं ठेवतात. दुसरं, हमबकरच्या चार वायरींच्या रंगांवर कधी विसंबू नका. सीमोर डंकनमध्ये सिग्नलची वायर काळी, डिमार्झिओमध्ये लाल, आणि दोन्हींत हिरवी ग्राउंडला. प्रत्येक पिकअप त्याच्याच कंपनीचा नकाशा बघून डाखा. तरीही वेगळ्या कंपन्यांचे दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येऊ शकतो. तसं झालं तर एका पिकअपच्या सिग्नल आणि ग्राउंडच्या वायरींची अदलाबदल करायची. फक्त धातूचं कव्हर असेल तर त्याची उघडी वायर ग्राउंडलाच राहू द्यायची.