पाण्याचा पीळ उलटवणारी पाती

नदीचा काठ पायथ्यातून ढासळतो. पुरात दरड कोसळताना दिसते ती वरची. तिच्या बुडाची माती पाण्यानं आधीच गुपचूप नेलेली असते.

कशी, ते चहाच्या कपात दिसतं. चहा ढवळून थांबा: तळाची पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते. आइन्स्टाइननं १९२६ मध्ये याच गमतीवरून नद्यांची नागमोडी चाल उलगडून दाखवली. वळणावर पृष्ठभागाचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं, तिथली पातळी किंचित चढते. त्या चढाचा दाब तळापर्यंत पोचतो. तळाचं पाणी मात्र घर्षणानं मंदावलेलं. त्याला हा दाब आवरत नाही आणि ते आतल्या काठाकडे सरकतं, वाळू घेऊन. असं वर एकीकडे, खाली दुसरीकडे जात प्रवाहाला दोरीसारखा पीळ पडतो. बाहेरचा काठ पोखरला जातो, आत वाळूचा पट्टा वाढतो.

नेहमीचा उपाय म्हणजे काठाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर. त्यानं माती झाकली जाते, पीळ तसाच राहतो. मग पाणी पिचिंगच्या पायाशी खोल खणतं आणि दगड खाली घसरू लागतात.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९८० च्या दशकात ओडगार्ड आणि केनेडी या अभियंत्यांनी पिळालाच हात घातला. बाहेरच्या काठालगत तळावर छोट्या उभ्या पात्यांच्या रांगा रोवायच्या, प्रवाहाशी साधारण २० अंश तिरप्या. उंची पुराच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे पुरात त्या पूर्ण बुडालेल्या. विमानाच्या पंखासारखंच इथेही पात्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. त्यामुळे माथ्यावरून भोवरा सुटतो आणि खालच्या अंगाला लांबवर जातो. त्याची फिरकी नदीच्या पिळाच्या उलट. तळाची वाळू आता बाहेरच्या काठाकडे वळते आणि पायथा भरू लागतो. कोन मात्र जपावा लागतो: पाती फार आडवी झाली, तर भोवरा तिच्याच बुडाशी खड्डा पाडतो.

मोठ्या नद्यांत दगडांचे बुटके बांध वापरतात. मिसिसिपीच्या वळणांवर ते काठापासून प्रवाहाच्या वरच्या दिशेला झुकवून बांधले आहेत. हे उलटं वाटतं खरं, पण बांधावरून सांडणारं पाणी त्याच्या रेषेला काटकोनात उतरतं, म्हणजेच काठापासून दूर, पात्राच्या मध्याकडे. खालच्या दिशेला झुकवले असते, तर तेच पाणी काठावर आदळलं असतं.

नदीचा सगळा तळच खचत असेल, तर या पात्यांचा उपयोग नाही; तळाबरोबर त्याही उघड्या पडून कलंडतात.